एकच कळ, दोन मालक: कानांनी जीमेल शिकताना

एनव्हीडीए (पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) लावून जीमेल उघडलेला नवा माणूस पहिल्याच दिवशी तक्रार करतो: "सी दाबलं की नवीन मेल उघडतं म्हणालात, पण हे तर 'नो नेक्स्ट कॉम्बो बॉक्स' म्हणतंय." शॉर्टकट बरोबर असतो, कळही बरोबर दाबलेली असते. फक्त ती जीमेलपर्यंत पोचलेली नसते. एनव्हीडीएने ती वाटेतच उचललेली असते.

हे एवढं नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. म्हणून शॉर्टकटची यादी नंतर. आधी कळ कोण ऐकतं, ते पाहू.

(एक खुलासा. कीबोर्डवरच्या बटणाला मी इथे 'कळ' म्हणणार आहे. वेब पानावरही 'बटन' असतात, आणि दोन्हींना एकच नाव दिलं की शिकवताना फार घोळ होतो.)

सुरुवातीची तयारी

मी विंडोज, क्रोम आणि एनव्हीडीए या जोडणीबद्दल लिहितो आहे, आणि जीमेलची भाषा इंग्रजी आहे असं धरतो आहे. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 साली तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. तो एनव्ही ॲक्सेसच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या, मित्राच्या पेनड्राइव्हमधली चार वर्षांपूर्वीची प्रत नको.

पहिल्यांदा सुरू केल्यावर जी स्वागताची खिडकी येते, तिथे कॅप्स लॉकला एनव्हीडीए कळ म्हणून वापरायचा चेकबॉक्स असतो. लॅपटॉप असेल तर तो लावून टाका. बऱ्याच लॅपटॉपवर इन्सर्ट कळ एकतर नसते, नाहीतर कुठल्यातरी कोपऱ्यात दडवलेली असते. तिथेच कीबोर्ड लेआउटही निवडता येतो, डेस्कटॉप किंवा लॅपटॉप. यापुढे मी 'एनव्हीडीए + अमुक' लिहिलं की इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक दाबून धरायचं आणि दुसरी कळ दाबायची.

आता आवाज. एनव्हीडीए + कंट्रोल + व्ही दाबलं की आवाजाच्या सेटिंग्ज उघडतात. सोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या सिंथेसायझरमध्ये (मजकुराचा आवाज करणारा प्रोग्राम) मराठी आवाज आहे. तो गोड नाही, हे आधीच सांगतो. पहिले दोन दिवस रोबो बोलतोय असं वाटेल. पण तो देवनागरी वाचतो, मजकुरात मध्येच आलेले रोमन लिपीतले शब्द इंग्रजीसारखे उच्चारतो, आणि वेग वाढवला तरी अक्षरं खात नाही. निव्वळ इंग्रजी आवाज ठेवला तर मराठी विषयाच्या मेलवर तो एकतर गप्प बसतो, नाहीतर काहीतरी भलतंच बोलतो, आणि नवशिक्याला वाटतं की मेल रिकामंच आलंय.

बोलणं मध्येच थांबवायला कंट्रोल. ही कळ सर्वात आधी शिका. स्क्रीन रीडरला गप्प करता येतं हे कळल्याशिवाय माणूस निवांत होत नाही.

कळ कोणाच्या कानावर पडते

वेब पानावर एनव्हीडीए दोन रीतींनी वागतो. ब्राउझ मोडमध्ये अक्षरांच्या कळा तो स्वतःकडे ठेवतो: सी म्हणजे पुढचा कॉम्बो बॉक्स (पर्यायांची यादी), एच म्हणजे पुढचं हेडिंग, बी म्हणजे पुढचं बटन, के म्हणजे पुढची लिंक, ई म्हणजे लिहायची चौकट. फोकस मोडमध्ये तो बाजूला होतो आणि कळ थेट जीमेलला देतो. अदलाबदल एनव्हीडीए + स्पेसने होते. प्रत्येक वेळी छोटासा आवाज येतो, आणि दोन्ही मोडचे आवाज वेगळे आहेत. पाच-सहा वेळा उगाच इकडून तिकडे करा, फरक कानात बसेल.

गंमत म्हणा की खोडी, जवळजवळ प्रत्येक अक्षराला दोन मालक आहेत. आर एनव्हीडीएकडे गेला तर रेडिओ बटन (अनेकांतून एकच निवडायचा पर्याय) शोधतो, जीमेलकडे गेला तर उत्तराची चौकट उघडतो. एफ तिकडे फॉर्ममधली चौकट, इकडे मेल फॉरवर्ड. एक्स तिकडे चेकबॉक्स, इकडे मेल निवडणं. ई सगळ्यात वाईट: ब्राउझ मोडमध्ये निरुपद्रवी, फोकस मोडमध्ये मात्र समोरचं मेल सरळ अर्काइव्ह, म्हणजे इनबॉक्समधून गायब.

म्हणून दोन प्रश्न विचारायची सवय लावा. 'मी कुठे आहे?' याला एनव्हीडीए + टॅब. फोकस, म्हणजे कळ जिथे लागू होणार ती जागा, कशावर आहे ते तो सांगतो. 'कुठली खिडकी उघडी आहे?' याला एनव्हीडीए + टी. मथळा वाचतो, त्यात इनबॉक्स, न वाचलेल्या मेलचा आकडा आणि तुमचा पत्ता येतो. डोळस माणूस हे नजर टाकून करतो, आपण विचारून करायचं. विचारायला लाजू नका, संगणक कंटाळत नाही.

एकदाच करायच्या सेटिंग्ज

जीमेलचे एका अक्षराचे बहुतेक शॉर्टकट मुळात बंद असतात. ते चालू करायला:

1. जीमेल उघडा आणि ब्राउझ मोडमध्ये या. बी दाबत 'सेटिंग्ज' बटनापर्यंत जा आणि एंटर.
2. पुन्हा बी दाबत 'सी ऑल सेटिंग्ज' शोधा, एंटर. 'जनरल' पान उघडतं. ते लांबलचक आहे, बाण दाबत बसू नका.
3. एनव्हीडीए + कंट्रोल + एफ दाबून शोधायची चौकट उघडा, इंग्रजीत 'कीबोर्ड शॉर्टकट्स' टाइप करा, एंटर. थेट तिथे पोचाल. खाली बाण दाबत 'ऑन' असलेल्या रेडिओ बटनावर या आणि स्पेस.
4. आलोच आहोत तर याच पानावर आणखी दोन कामं उरका. 'अन्डू सेंड' ची, म्हणजे पाठवलेलं मेल मागे घेण्याची, मुदत 5 सेकंद असते ती 30 करा, आणि 'कॉन्व्हर्सेशन व्ह्यू' बंद करा.
5. पानाच्या तळाशी 'सेव्ह चेंजेस' बटन आहे. ते दाबल्याशिवाय यातलं काहीच लागू होत नाही. अर्ध्या लोकांचं इथेच फसतं.

कॉन्व्हर्सेशन व्ह्यू बंद करा असं मी सांगतो याचं कारण कान आहे. एकाच विषयावरची आठ मेलं जीमेल एका गठ्ठ्यात बांधतं. डोळ्यांना ते सोयीचं असेल, पण कानाला त्यातलं नवीन कुठलं आणि कालचं कुठलं हे शोधत फिरावं लागतं. गठ्ठा सोडवला की एक ओळ म्हणजे एक मेल. हात बसल्यावर हवं तर पुन्हा चालू करा.

जुन्या वर्गांत शिकलेले कोणी तुम्हाला 'बेसिक एचटीएमएल' जीमेलवर जायला सांगतील. ते साधं रूप आमच्यातल्या अनेकांचं लाडकं होतं, पण गूगलने ते 2024 च्या सुरुवातीला बंद केलं. आता जे समोर आहे त्यातच पोहायला शिकायचं.

यादी, वाचन, उत्तर

सेटिंग्ज झाल्या की एनव्हीडीए + स्पेसने फोकस मोडमध्ये या. जी दाबून सोडा, मग आय. दोन्ही एकदम नाही, एकामागून एक. तुम्ही इनबॉक्समध्ये आलात. कुठेही हरवलात तर हाच घरचा रस्ता. जी नंतर टी म्हणजे पाठवलेली मेलं, जी नंतर डी म्हणजे ड्राफ्ट.

आता 'जे' ही कळ दाबली की खालचं म्हणजे आधी आलेलं मेल, 'के' दाबली की वरचं. खाली-वर बाणही चालतात. प्रत्येक ओळीवर पाठवणारा, विषय, मजकुराची सुरुवात, वेळ असं बरंच काही ऐकू येईल. सगळं ऐकत बसायचं नाही. पाठवणाऱ्याचं नाव कळलं की पुढची कळ दाबा, आधीचं बोलणं आपोआप तुटतं. सराव झालेला माणूस पन्नास मेलांची यादी अशी चाळतो की शेजारी बसलेल्याला तो कुठली भाषा ऐकतोय हेही कळत नाही.

मेल उघडायला एंटर. आणि इथे मालक बदलायचा: वाचायला ब्राउझ मोड सोयीचा, म्हणून एनव्हीडीए + स्पेस. एच दाबत विषयाच्या हेडिंगवर या आणि एनव्हीडीए + खाली बाण दाबा; लॅपटॉप लेआउटमध्ये एनव्हीडीए + ए. तिथून शेवटपर्यंत तो वाचत जाईल. जाहिरातींच्या मेलमध्ये लिंकांचा ढीग असेल तर एन दाबा, तो ढीग ओलांडून मजकुरावर नेतो.

वाचून झालं की पुन्हा एनव्हीडीए + स्पेस. मग यू म्हणजे यादीत परत, आर म्हणजे उत्तर, ए म्हणजे सगळ्यांना उत्तर, एफ म्हणजे फॉरवर्ड. शिफ्ट + 3, म्हणजे हॅशचं चिन्ह, मेल काढून टाकतं. ते 30 दिवस कचऱ्यात पडून राहतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि झेड म्हणजे 'चुकलं, मागे घे'. चुकून ई दाबलं गेलं तर लगेच झेड.

पहिल्या आठवड्यात एवढ्याच कळा वापरा. बाकी कितीतरी आहेत, फोकस मोडमध्ये शिफ्ट + स्लॅश दाबलं की जीमेल स्वतःच त्यांची यादी दाखवतं. पण मी पाहिलंय, पहिल्याच दिवशी चाळीस शॉर्टकट वहीत उतरवून घेणारा आठव्या दिवशी पुन्हा टॅब मारत बसलेला असतो.

लिहिताना

फोकस मोडमध्ये सी. चौकट उघडते आणि तुम्ही 'टू' मध्ये असता. नावाची किंवा पत्त्याची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करा, खाली बाणाने सुचवलेली नावं ऐका, हव्या त्या नावावर एंटर. टॅबने विषय, आणखी एका टॅबने मजकूर. कार्बन कॉपी हवी असेल तर कंट्रोल + शिफ्ट + सी, गुप्त कॉपीला कंट्रोल + शिफ्ट + बी. लिहून झालं की कंट्रोल + एंटर, मेल गेलं. 30 सेकंदांच्या आत झेड दाबलं तर परत येतं.

फाइल जोडायला मजकुरातून टॅब मारत जा. आधी 'सेंड' बटन येईल, त्यावर एंटर मारू नका, पुढे 'अटॅच फाइल्स' येतं. मर्यादा 25 एमबीची. त्याहून मोठी फाइल जीमेल ड्राइव्हवर चढवून तिची लिंक पाठवतं.

लिहायला लागण्याआधी एनव्हीडीए + टॅब दाबून खात्री करा की तुम्ही खरंच मजकुराच्या चौकटीत आहात. माझ्या हातून झालेला प्रकार सांगतो. मध्येच चुकून एस्केप दाबलं गेलं, चौकट बंद झाली (ड्राफ्ट राहतो, ते नशीब), आणि फोकस यादीवर गेला. मला पत्ता नाही. मी आपला झोकात 'डिअर सर' टाइप करायला लागलो. यातलं ई जीमेलने आज्ञा म्हणून घेतलं आणि एक मेल अर्काइव्ह केलं, आणि पुढच्या अक्षरांनी काय काय केलं ते निस्तरायला अर्धा तास गेला. तेव्हापासून टाइप होणारं अक्षर ऐकू येण्याची सोय मी बंद करत नाही. ती एनव्हीडीए + 2 ने चालू-बंद होते, शब्दांसाठी एनव्हीडीए + 3. अक्षराचा प्रतिध्वनी थांबून भलतंच काही ऐकू यायला लागलं की समजायचं, पाय घसरला.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. विंडोज + स्पेसने कीबोर्डची भाषा बदलते आणि एनव्हीडीए ती बोलून दाखवतो. लिहून झालं की ती इंग्रजीवर परत आणायची सवय हवीच. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कीबोर्ड लेआउट) स्लॅशच्या जागी 'य' आहे आणि शिफ्ट + 3 ला 'र' चं जोडाक्षर. मराठी कीबोर्ड चालू ठेवून शॉर्टकट मारलेत तर भरवसा नाही. 'कालपर्यंत चालत होतं, आज शोधच उघडत नाही' या फोनचं उत्तर बहुतेक वेळा हेच निघतं.

शोध म्हणजे स्लॅश. चौकटीत 'फ्रॉम' हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून नाव, आणि एंटर. त्या माणसाची सगळी मेलं येतात. कानाने काम करणाऱ्याने इनबॉक्स चाळण्यापेक्षा शोधच जास्त वापरावा.

नावं कानासाठी लिहा

संपर्कांकडे कोणी लक्ष देत नाही, आणि चुकीच्या माणसाला मेल जातं ते तिथल्या गबाळेपणामुळे. जी नंतर सी दाबलं की गूगल कॉन्टॅक्ट्स उघडतं. हे वेगळं पान आहे. इथे मी सरळ ब्राउझ मोडमध्ये येतो. बी ने 'क्रिएट कॉन्टॅक्ट' शोधा, एंटर, मग एकाच संपर्काचा पर्याय निवडा. नाव, आडनाव, कंपनी, ईमेल, फोन अशा चौकटी टॅबने ओळीत येतात. शेवटी 'सेव्ह' बटन.

नाव कसं लिहायचं, हा खरा प्रश्न. पाहणाऱ्याला अख्खी ओळ एकदम दिसते, आपल्याला ती पहिल्या अक्षरापासून ऐकावी लागते. यादीत 'सुरेश पाटील', 'सुरेश पाटील ऑफिस', 'सुरेश पाटील सोसायटी' असे तिघं असतील तर प्रत्येक वेळी ओळ जवळजवळ शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय माणूस कळत नाही. घाईत पहिल्यावरच एंटर मारला जातो. मग सोसायटीच्या थकबाकीचं पत्र ऑफिसातल्या सुरेशला. म्हणून वेगळेपणा पुढे आणा: 'सोसायटी सुरेश', 'ऑफिस सुरेश', 'मामा सुरेश'. आडनावाच्या चौकटीत काय असावं याची शिस्त मोडते खरी, पण यादी तुमची आहे.

दुसरं म्हणजे लिपी. काही नावं देवनागरीत, काही रोमनमध्ये अशी खिचडी असेल तर टाइप करताना कुठला कीबोर्ड लावायचा हेच आठवत नाही. एक ठरवा आणि तेच पाळा. मी नावं देवनागरीत ठेवतो, कारण ती आवाजाला नीट उच्चारता येतात. रोमनमधलं 'विठ्ठल' ऐकून बघा एकदा. मेल लिहिताना मात्र पत्त्याची पहिली अक्षरं टाइप करतो. पत्ता रोमनमध्येच असतो, त्यामुळे कीबोर्ड बदलावा लागत नाही.

नाव सुचवलं गेल्यावर पूर्ण पत्ता ऐका आणि मगच एंटर. ज्यांना तुम्ही कधी मेल पाठवलं असेल त्यांचे पत्ते जीमेल 'अदर कॉन्टॅक्ट्स' मध्ये आपणहून साठवतं, आणि तेही सुचवण्यांत येतात. जनरल सेटिंग्जमध्येच हे बंद करून 'मीच संपर्क भरीन' हा पर्याय निवडता येतो. मी तो निवडला आहे. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट्सच्या पानावर 'मर्ज अँड फिक्स' आहे, तिथे त्या जोडता येतात.

नेहमीच्या मंडळींना एकत्र मेल जात असेल, भिशी असो की भजनी मंडळ, तर त्यांना एक लेबल द्या. 'टू' मध्ये लेबलचं नाव टाइप करून निवडलं की सगळे पत्ते भरले जातात. एकमेकांचे पत्ते एकमेकांना दिसायला नको असतील तर तेच नाव गुप्त कॉपीत टाका.

इथे भरलेलं सगळं त्याच खात्याच्या अँड्रॉइड फोनवरही दिसतं. फोनच्या काचेवर बोट फिरवत नावं भरण्यापेक्षा एका दुपारी कीबोर्डवर बसून पन्नास नावं सुधारणं कितीतरी सोपं.

फसवी मेलं

लिंकवर लिहिलेलं एक आणि ती उघडते भलतीकडेच, हा प्रकार कानाला आपोआप कळत नाही, कारण स्क्रीन रीडर लिंकवरचे शब्द वाचतो. लिंकवर असताना एनव्हीडीए + के दाबा. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये तो खरा पत्ता वाचून दाखवतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्याबद्दल शंका आली तर त्या ओळीवर एनव्हीडीए + वर बाण पटापट दोनदा, लॅपटॉप लेआउटमध्ये एनव्हीडीए + एल दोनदा. तो एकेक अक्षर सुटं करून सांगेल. एल च्या जागी एक हा आकडा घुसवलेला डोळ्यांना सहज चकवतो. कानाला तो स्पष्ट आकडा म्हणून ऐकू येतो. इथे आपण पुढे आहोत.

आवाजच गेला तर

नवशिक्याची सगळ्यात मोठी धास्ती. बहुतेक वेळा एनव्हीडीए + एस चुकून दाबलेलं असतं, त्याने बोलण्याची पद्धत बदलते: बोलणं, मागितलं तरच बोलणं, नुसते बीप, बंद. तेच पुन्हा पुन्हा दाबत बोलणं परत येईपर्यंत फिरवा. तरी गप्पच, तर कंट्रोल + ऑल्ट + एन. एनव्हीडीए नव्याने सुरू होतो. सुरुवातीचे सूर वाजले की एनव्हीडीए + टी दाबून बघा. जीमेल होतं तिथेच असतं, आणि अर्धवट लिहिलेलं मेलही.